मोजणीदाराचा डावा जोडा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शेतं साखळीनं मोजत नसत, पावलांनी मोजत.

एका राज्यात हद्दीच्या दगडांबद्दल एक रिवाज होता. पुरानं एखादा दगड वाहून गेला किंवा दरडीखाली गाडला गेला, की राज्याच्या मोजणीदाराला बोलावणं जायचं. कुठला दगड कुठं होता हे गावच्या वहीत लिहिलेलं असायचं. वरच्या दगडापासून निघावं, अमुक डोंगराच्या सुळक्याकडे तोंड करावं, इतकी पावलं चालावं, की खालच्या दगडाची जागा येते. मोजणीदार वरच्या दगडाला टाचा टेकवून उभा राहायचा, सुळक्याकडे तोंड करायचा, आणि मग गावचे दोन पंच त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधायचे. तसाच तो चालू लागायचा. मागून एकजण चुना सांडत यायचा. पावलं पुरी झाली की मोजणीदार थांबायचा, आणि तो थांबला तिथं नवा दगड रोवला जायचा.

आता तुम्ही विचाराल, सुळका समोर ढळढळीत दिसत असताना डोळे कशाला बांधायचे? त्याचं असं झालं होतं. पूर्वी कधीतरी एक मोजणीदार उघड्या डोळ्यांनी चालता चालता आपल्या मेहुण्याच्या शेतात चार हात जमीन जास्तीची टाकून गेला होता. तेव्हाच्या राजानं हुकूम काढला, की यापुढं मोजणीदारानं कुणाचं शेत कुठलं ते बघायचंच नाही. मग मोजणीदारांच्या घरची मुलं लहानपणापासून खळ्यावर डोळे बांधून चालायला शिकू लागली, आणि खरोखरच दोरी ताणल्यासारखी सरळ चालू लागली. डोळे बांधले की न्याय झाला, असं त्या राज्यात सगळ्यांना वाटे. पायांकडे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या मोजणीदारांपैकी एकाची ही गोष्ट.

विशीत असताना त्यानं राजासमोर परीक्षा दिली. डोळे बांधून तीनशे पावलं चालला, आणि शेवटी जमिनीत ठोकलेली खुंटी होती, तिच्यावर नेमका त्याचा अंगठा पडला. राजानं त्याला मोजणीदाराची काठी दिली. पुढच्याच वर्षी एका ओढ्याच्या काठानं जाताना पायाखालची माती सुटली आणि तो खाली कोसळला. डावी मांडी मोडली. हाडवैद्यानं हाड बसवलं, बांबूच्या कांबी बांधल्या आणि चार महिने खाटेवर निजवून ठेवलं. हाड जुळलं, पण जुळताना थोडं एकावर एक चढून जुळलं. मोजणीदार उठून उभा राहिला, तेव्हा त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झालेला होता.

किती आखूड, ते त्यानं पाहिलं नाही. अख्ख्या राज्याची जमीन मोजणाऱ्या या माणसानं आपला पाय तेवढा मोजला नाही, आणि दुसऱ्या कुणाला मोजूही दिला नाही. लंगड्या मोजणीदाराच्या हातात कोण काठी ठेवील, अशी त्याला भीती होती. त्यानं जुन्या धोतराची एक चिंधी घडी करून डाव्या जोड्यात टाचेखाली घातली, कमरेला शेला घट्ट आवळला आणि हळूहळू, राजाच्या कारभाऱ्यासारखं रुबाबात चालायला सुरुवात केली. लोक म्हणाले, पाय मोडल्यापासून मोजणीदाराच्या चालीला वजन आलं.

चिंधीचं काम सकाळी बरं चाले. दुपारपर्यंत ती दबून पोळीएवढी पातळ होई, आणि मग डावा पाय पुन्हा खाली खाली जाऊ लागे. डोळे बांधून चालताना त्याला कळे, की आपण डावीकडे ओढले जातो आहोत. मग तो दर वीस पावलांनी अंदाजानं जरासा उजवीकडे सरके. अंदाज कधी बरोबर येई, कधी येत नसे. घरी परतल्यावर कंबर अशी धरे, की कूस बदलताना तो दात आवळून घेई. बायकोला सांगे, फार चाललो आज.

अशी अकरा वर्षं गेली. शंभरावर रेघा त्यानं चालून दिल्या. एकाही रेघेबद्दल तक्रार राजापर्यंत आली नाही, आणि त्याला कारण होतं. त्या राज्याचा कायदाच तसा होता. मोजणीदारानं स्वतः हरकत घेतल्याशिवाय त्याची रेघ पुन्हा चालली जात नसे, आणि ज्यानं आपली रेघ चुकली असं कबूल केलं, त्याला काठी परत करावी लागे. आजवर एकाही मोजणीदारानं अशी हरकत घेतलेली नव्हती. त्यावरून राज्यातल्या सगळ्या रेघा सरळ आहेत, असं धरून चालत.

बाराव्या वर्षी नदीकाठच्या एका गावाहून बोलावणं आलं. तिथं एक बाई होती, मधल्या वयाची, एकटीच शेत करणारी. वांगी, मिरची, घेवडा असा भाजीपाला ती काढायची. तिच्या शेताच्या कडेला एक विहीर होती. नवरा जिवंत असताना दोघांनी मिळून ती खणली होती, सात उन्हाळे लागले होते. पुरात खालचा हद्दीचा दगड वाहून गेला होता, आणि पलीकडच्या शेजाऱ्यानं मोजणी मागितली होती.

मोजणीदार पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. पंचांनी पट्टी बांधली. नुकतीच नांगरलेली भुसभुशीत जमीन होती, आणि रेघ लांब होती, चारशे दहा पावलांची. तो चालला, मोजून थांबला, पट्टी सोडली. मागं वळून बघतो तर चुन्याची रेघ विहिरीच्या डाव्या अंगानं आलेली. विहीर शेजाऱ्याच्या शेतात गेली होती.

शेजारी माणूस वाईट नव्हता. तो ओशाळून हसला, मान खाली घालून उभा राहिला, पण विहीर नको असं काही म्हणाला नाही. पंचांनी दगड रोवला. बाई रडली नाही, भांडलीही नाही. ती चुन्याच्या रेघेच्या कडेनं वाकून वाकून चालत गेली, वरच्या दगडापासून खालच्या दगडापर्यंत, आणि मग मोजणीदारापाशी येऊन उभी राहिली.

"मोजणीदार," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या उजव्या पायाचा ठसा खोल उमटलाय, डाव्याची निस्ती चवड उमटलीय. पुढं पुढं तर टाच टेकलीच न्हाई. तुमचा डावा पाय आखूड हाय."

"नांगरट ओली आहे," मोजणीदार म्हणाला. "ओल्या मातीत ठसे कसेही उमटतात."

"जनावरांच्या पावलामागं जलम गेला माझा. कुठलं ढोर लंगडतंय ते मला ठशावरनं कळतं."

मोजणीदाराच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी कुणाला सांगनार न्हाई," बाई म्हणाली. "सांगून उपेग बी न्हाई, हरकत तुमची लागती. पाच महिन्यांनी राजाचे कारभारी रेघा वहीत चढवाया आमच्या गावात यायचेत. तवा तुमी काय बोलाल ते बोला. तवर विहिरीचं पानी शेजारी मला देतो म्हनलाय. फुडचं त्याच्या मर्जीवर." जरा थांबून ती म्हणाली, "आन् पायाचं काय करायचं असंल तर बाजाराच्या गावी एक म्हातारी हाय, जोडे शिवनारी. माझ्या बैलाचा खूर झिजला व्हता, तर तिनं चामड्याचा तुकडा बसवून दिला. तो बैल अजून चालतोय."

बैलाशी बरोबरी झालेली कुणालाच आवडत नाही. मोजणीदार तडक घरी निघाला. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि पुढच्या रात्रीही आली नाही. रेघ वाकडी गेली होती, हे त्याला ठाऊक होतं. चुन्याकडे पाहिलं त्याच क्षणी ठाऊक झालं होतं. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा मोठी भीती वाटत होती. कबूल करावं तर काठी जाते. न करावं तर एका बाईची सात उन्हाळ्यांची विहीर जाते.

त्यानं मधला मार्ग शोधला. पाय गुपचूप दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे निदान यापुढं तरी रेघा सरळ जातील, असं त्यानं ठरवलं. विहिरीचं काय, हा प्रश्न त्यानं पुढं ढकलला.

तो आधी राजधानीतल्या नामांकित कारागिराकडे गेला. "चालताना जोडा जरा त्रास देतो," एवढंच त्यानं सांगितलं. कारागिरानं त्याला गादीवर बसवलं, दोन्ही तळवे कागदावर ठेवून रेघ काढली आणि म्हणाला, "दोन्ही पावलं अगदी एका मापाची आहेत, असा जोड शिवायला हात शिवशिवतात." पंधरा दिवसांनी त्यानं खरोखरच देखणा जोड दिला, दोन्ही बाजू तिळाएवढ्याही कमीजास्त नाहीत असा. मोजणीदार तो घालून चालला, आणि होता तसाच लंगडला. पावलं सारखीच होती. कमी होती ती मांडी, आणि बसलेल्या माणसाची मांडी कुणी मोजत नाही.

मग दुसऱ्या एका कारागिराकडे जाऊन त्यानं डाव्या जोड्याच्या आत जाड चामड्याची उशी बसवून घेतली. बाहेरून काही दिसत नव्हतं, म्हणून तो खूश झाला. पण टाच इतकी वर आली, की जोड्याच्या काठावरून सुटू लागली. भर बाजारात तो चार पावलं पुढं गेला आणि जोडा मागंच राहिला. लोकांनी तो उचलून अदबीनं त्याच्या हातात दिला. कुणी हसलं नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच लागलं.

शेवटी तो बाजाराच्या गावी गेला.

जोडे शिवणारी म्हातारी आपल्या झोपडीपुढं आरी घेऊन बसली होती. तिच्याभोवती मोटेचं चामडं, बैलांच्या गळपट्ट्या आणि शेतकऱ्यांची जाड पायताणं पडलेली होती. मोजणीदारानं आपलं तेच वाक्य म्हटलं, की चालताना जोडा जरा त्रास देतो.

"जोडा काय तरास देतोय," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "मगा आलास तवा तुझी सावली डाव्या बाजूला बसत-उठत व्हती. शेला सोड आन् जोडे काढून उभा ऱ्हा."

"आजी, बसून माप घेतात ना?"

"बसून पावलाचं माप घेत्यात. बाबा, तू पावलावर चालतोस का पायावर?"

मोजणीदारानं शेला सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या माणसासमोर सैल उभा राहिला. म्हातारी त्याच्या मागं गेली, कमरेच्या दोन्ही हाडांवर दोन अंगठे दाबून धरले आणि डोळे बारीक करून बघितलं. डावा अंगठा खाली होता. मग तिनं पातळ फळ्यांचे तुकडे आणले आणि एक एक करून त्याच्या डाव्या पायाखाली सारू लागली. एक सारायची, मागं जायची, अंगठे लावायची. पुन्हा एक सारायची. सहाव्या फळीला ती थांबली.

मोजणीदाराला काहीतरी वेगळं जाणवलं. काय ते आधी कळेना. मग कळलं, की कंबर दुखायची थांबली आहे. आपली कंबर इतकी वर्षं सतत दुखत होती, हे ती थांबल्यावरच त्याच्या ध्यानात आलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायलाही त्याला सुचलं नाही.

म्हातारीनं सहा फळ्यांची चळत उचलली आणि तिला बोटं लावून पाहिली. "दीड बोट," ती म्हणाली.

दीड बोट. अकरा वर्षं ज्याच्याकडे तो बघायला तयार नव्हता, ते एवढंसं होतं. त्याला वाटलं होतं, ते कितीतरी मोठं असेल.

"आत घालून द्या, आजी," तो म्हणाला. "दिसता कामा नये."

"आत अर्धं बोट मावतं. त्याच्यावर गेलं की टाच सुटती. बाकीचं भाईर तळाला लावाया लागंल, आन् भाईर लावलं की दिसनार. डावा जोडा जाड, उजवा पातळ. शाना मानूस लांबूनच वळखंल."

"दुसरा काही उपाय नाही?"

"हाय की. न चालनं."

मोजणीदार आपला डावा जोडा हातात घेऊन उलटसुलट फिरवू लागला. म्हातारीनं त्याची वाट पाहिली नाही, ती पुन्हा आरी चालवू लागली. अखेर तो म्हणाला, "बरं, लावा. पण आजच सगळं लावा."

"आज अर्धंच बोट. म्हयन्यानं आनखी अर्धं, तिसऱ्या म्हयन्याला ऱ्हायलेलं. तुझी पाठ वरसानुवरसं वाकडी उभी ऱ्हायलीय. तिला एका दिसात सरळ केलं तर ती मोडंल. तरनी व्हते तवा मी एका गाडीवानाला समदं एकदम लावून दिलं व्हतं. पंधरा दीस खाटंवर पडला. त्याच्या शिव्या मला अजून पाठ हाईत."

मोजणीदारानं मान डोलावली आणि घरी जाऊन नेमकं त्या गाडीवानासारखंच केलं. अर्ध्या बोटाच्या थरानं चाल इतकी सुधारली, की त्याला धीर धरवेना. आठच दिवसांत गावातल्या कारागिराकडून त्यानं उरलेलं एक बोट बाहेरून ठोकून घेतलं. चौथ्या दिवशी पाठ अशी आखडली, की त्याला दोघांनी धरून खाटेवर निजवलं. बरा झाल्यावर तो बैलगाडीतून म्हातारीकडे गेला. तिनं नव्या थरांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पकडीनं जास्तीचं सगळं उचकटून काढलं. मग मात्र तो शहाण्यासारखा वागला. महिन्याला एकच थर चढवला, आणि तिसऱ्या महिन्यात दीड बोट पुरं झालं.

एका पहाटे त्यानं घरामागच्या खळ्यावर एक खुंटी ठोकली, डोळे बांधले आणि चालला. अंगठा नेमका खुंटीवर पडला. तो पुन्हा गेला, पुन्हा पडला. त्याला विशीतल्यासारखा आनंद झाला. पण तो जाड तळाचा नवा जोड त्यानं घरामागंच वापरला. रस्त्यावर निघताना तो जुनाच जोड घाले, चिंधीचा.

कारभारी नदीकाठच्या गावात यायचा दिवस उजाडला. मोजणीदारानं नवा जोड एका पिशवीत घातला, जुना पायात घातला आणि निघाला. कुठला लागेल ते तिथं गेल्यावर बघू, असं तो मनाशी म्हणाला.

वडाच्या पारावर कारभारी बसला होता. पुढं गाव जमलं होतं. बाई एका बाजूला उभी होती. त्या पाच महिन्यांत शेजाऱ्यानं विहिरीला फाटक बसवलं होतं. पाणी तो देत होता, पण बाईला रोज मागावं लागत होतं, आणि गेल्या आठवड्यापासून तो, आज नको, उद्या घे, असं म्हणू लागला होता. तिची मिरची कडेनं पिवळी पडली होती.

कारभाऱ्यानं वही उघडली. "नदीकाठची हद्द. चारशे दहा पावलं. दगड रोवला आहे. मोजणीदार, तुमची काही हरकत?"

हे नेहमीचं विचारणं होतं. कारभारी उत्तराची वाटही न बघता पान उलटायला लागला होता. शंभरावर वेळा मोजणीदारानं या प्रश्नाला 'नाही' म्हटलं होतं, आणि याही वेळी ते जिभेवर आलं होतं. त्यानं बाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती लांबवर विहिरीच्या फाटकाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर कसलीही आशा नव्हती.

मोजणीदार सगळ्यांसमोर जमिनीवर बसला. त्यानं जुना जोड काढला. डाव्या जोड्यातून चिंधी बाहेर पडली, ती त्यानं तशीच पडू दिली. पिशवीतून नवा जोड काढून पायात घातला आणि उभा राहिला. उजवा तळ पातळ, डावा दीड बोट जाड. गाव टक लावून बघत राहिलं.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. "माझा डावा पाय दीड बोट आखूड आहे. मोडला तेव्हापासून. दुपारच्या वेळी मी डावीकडे ओढला जातो. ही रेघ वाकडी आहे."

कारभाऱ्यानं पान धरलेला हात तसाच ठेवला. "याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग पट्टी बांधा," कारभारी पंचांना म्हणाला.

मोजणीदार वरच्या दगडाला टाचा लावून उभा राहिला. पट्टी बांधली गेली. तो निघाला. अंदाजानं उजवीकडे सरकणं नाही, कमरेला आवळणं नाही. चारशे दहा पावलं तो एका चालीनं चालला आणि थांबला. चुन्याची रेघ विहिरीच्या उजव्या अंगानं, चार हात सोडून गेली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी तिथं थोडं उकरलं, तर जुन्या दगडाखाली भरलेली खडी निघाली. कारभाऱ्यानं फाटक काढायला सांगितलं. शेजारी पुन्हा एकदा ओशाळला, आणि या वेळी स्वतःच फाटक उचलून घेऊन गेला.

बाई मोजणीदाराजवळ आली. तिनं त्याचे आभार मानले नाहीत, कारण विहीर तिचीच होती. ती एवढंच म्हणाली, "टाच आता पुरती टेकती तुमची."

मग मोजणीदारानं काठी कारभाऱ्याच्या पुढं ठेवली. कारभाऱ्यानं ती उचलून घेतली. "तुम्ही खरं बोललात, म्हणून तुम्हाला दुसरी शिक्षा नाही," तो म्हणाला. "पण या अकरा वर्षांतल्या रेघांवर तुमच्याखेरीज कुणाला हरकत घेता येत नाही. त्या सगळ्या पुन्हा चालून द्याव्या लागतील. काठीशिवाय, मानाशिवाय. नवा मोजणीदार तुमच्यामागं चालेल."

तीन वर्षं तो गावोगाव चालला. कुठं रेघ बरोबर निघाली, कुठं हातभर चुकली, कुठं दहा हात. ज्यांची जमीन परत मिळाली त्यांनी त्याला ताक दिलं, ज्यांची गेली त्यांनी शिव्या दिल्या. जाड जोड्याकडे बघून कुणी हसलं, तर तो हसू द्यायचा. पाठ दुखत नव्हती आणि झोप चांगली लागत होती. त्या म्हातारीच्या झोपडीपुढं मात्र अलीकडे गर्दी होऊ लागली होती. राज्यात इतक्या जणांचे पाय कमीजास्त आहेत, हे पूर्वी कुणाला माहीत नव्हतं.

शेवटचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. तिथली रेघ त्याच्या पहिल्याच वर्षाची, पाय मोडल्यानंतरची पहिली. तो चालला, आणि नवी रेघ जुन्या रेघेपासून बारा हात लांब गेली. मधल्या पट्ट्यात आंब्याची चार झाडं होती, मोहरानं भरलेली.

त्या शेताचा धनी आता म्हातारा झाला होता. तो दोन्ही रेघांमध्ये येऊन उभा राहिला.

"म्हंजे ही झाडं त्याची व्हती," तो म्हणाला. "माझ्या शेजाऱ्याची. तो लई भांडला माझ्याशी. मला चोर म्हनाला, तुमाला चोर म्हनाला. मी म्हनलो, मोजनीदाराचे डोळे बांधलेले असत्यात, तो कशाला चोरी करील. मंग गावानं त्यालाच खोटा ठरवला. त्यानं बायकामुलं घेतली आन् गाव सोडून गेला. धा वरसं झाली."

"कुठं गेला?" मोजणीदारानं विचारलं.

"ठावं न्हाई. लई इचारलं मी, कुनालाच ठावं न्हाई." म्हातारा झाडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता ही झाडं मी कुनाला देऊ?"

मोजणीदारानं नवा दगड बरोबर जागी रोवला, माती दाबून बसवली आणि संध्याकाळपर्यंत त्या दगडाशेजारी बसून राहिला. झाडं घ्यायला कुणी आलं नाही.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: आपलं उणं जो मोजून घेतो त्याला ते भरून काढता येतं, आणि जो लपवतो त्याचं उणं दुसऱ्या कुणाला तरी भरावं लागतं.